स्पीकर महागाचा घेतला, मग जुनी गाणी आधीपेक्षा वाईट का ऐकू येतात?

दिवाळीच्या बोनसमधून घरात नवा साउंडबार येतो. पहिल्या दिवशी नवीन सिनेमांची गाणी वाजतात, खिडकीच्या काचा थरथरतात, सगळे खुश. दुसऱ्या दिवशी घरातलं मोठं माणूस म्हणतं, "आता बालगंधर्व लाव की." मोबाइलवर गाणं शोधलं जातं, प्ले होतं आणि आधी ऐकू येतो तो नुसता खर्रर्र आवाज. त्यामागे कुठेतरी लांब, पत्र्याच्या डब्यात बसून कुणीतरी गातंय असं वाटतं. मग ठरलेलं वाक्य येतं: "आपला जुना रेडिओच बरा होता."

यानंतर बहुतेक जण दुकानदाराला फोन करतात. काही जण त्याहून महागडे हेडफोन मागवतात. दोन्हीचा उपयोग होत नाही, कारण स्पीकर बिघडलेला नसतो. तो त्याचं काम जरा जास्तच चोख करत असतो.

पिवळ्या बल्बच्या उजेडात भिंतीचे पोपडे दिसत नाहीत, पांढरी एलईडी ट्यूब लावली की सगळे दिसतात. भिंत तीच असते, उजेड बदललेला असतो. चांगला स्पीकर ही अशी ट्यूब आहे. रेकॉर्डिंगमध्ये जे नाही ते तो आणू शकत नाही, पण जे आहे ते सगळं दाखवतो, दोषांसकट.

जुना रेडिओ गोड का वाटायचा?

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. आकडा लहान तर आवाज जाड, मोठा तर बारीक. माणसाचं गाणं, तबला, पेटी यांचा मुख्य ऐवज यातल्या खालच्या आणि मधल्या भागात असतो. टाळ, झांज, 'स' आणि 'श'चा फुत्कार यांचा बराच भाग वरच्या पट्ट्यात. जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर आणि टेपची 'सूं' याच वरच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त टोचते. त्यात २ ते ५ हजार हर्ट्झच्या आसपास आपला कान सर्वात तिखट असतो, त्यामुळे तिथली खरखर थोडी असली तरी फार वाटते.

आजोबांच्या रेडिओत कागदी शंकूचा एकच स्पीकर असायचा, पुढे कापड, भोवती लाकडी पेटी. बारीक आवाज त्यातून नीट बाहेरच पडायचा नाही. शिवाय जालना जिल्ह्यात परभणी किंवा औरंगाबाद केंद्र मीडियम वेव्हवर ऐकलं जायचं तेव्हा रेडिओ ४-५ हजार हर्ट्झच्या वरचं बहुतेक कापूनच टाकायचा. म्हणजे रेडिओ गाणं सुधारत नव्हता, गाण्याची लाज झाकत होता. सारेगामाने २०१७ साली जुन्या रेडिओच्या रूपात 'कारवाँ' आणला आणि तो घराघरांत चालला. त्यात जुन्या आठवणींचा वाटा मोठा आहेच, पण एका छोट्या पेटीतून जुनी गाणी कानाला न टोचता येतात हेही एक कारण असणार.

आजच्या स्पीकरमध्ये बारीक आवाजासाठी वेगळा ट्वीटर असतो आणि तो २०,००० हर्ट्झपर्यंत जातो. जुन्या तबकडीवर तिथे गाणं नाहीच, फक्त खरखर आहे. ट्वीटर बिचारा ती प्रामाणिकपणे वाजवतो.

खरखर आली कुठून?

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झालं. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्र घेऊन आला होता आणि त्याच्यासमोर गौहर जान गायली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. या पद्धतीत साधारण २५० ते २,५०० हर्ट्झ एवढाच पट्टा पकडला जायचा. तंबोऱ्याचा खर्ज गेला, वरची झळाळी गेली, उरला तो मधला गाभा.

१९२५च्या सुमारास मायक्रोफोन आणि विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. पट्टा ५-६ हजार हर्ट्झपर्यंत रुंदावला. बालगंधर्वांच्या कारकिर्दीत ही दोन्ही तंत्रं येऊन गेली. म्हणून त्यांची काही गाणी खूप लांबून आल्यासारखी वाटतात आणि काही बरीच जवळची. गायक तोच, फरक यंत्राचा.

या तबकड्या लाखेच्या. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असायची, म्हणजे पोलादी सुई घासून खाचेच्या मापाची व्हावी. त्या घासण्याचा आवाज हीच आपली खरखर. ती पहिल्या दिवसापासून होती. पुढे पन्नास-साठ वर्षं सुई फिरत राहिली आणि ती वाढत गेली.

वेगाचाही घोळ होता. या तबकड्यांना आपण सरसकट ७८ आरपीएम म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या काही मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झाल्या नाहीत. समजा ७४ फेऱ्यांना मुद्रित झालेली तबकडी कुणी ७८ला वाजवून डिजिटल केली, तर सूर जवळजवळ एका अर्धस्वराने चढतो. पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एकच्या जवळपास ऐकू येतं, ताना पळाल्यासारख्या वाटतात आणि आवाज चिरका होतो. 'जुन्या काळी लोक किती बारीक आवाजात गायचे' असं जे म्हटलं जातं, त्यातला काही भाग हा चुकीच्या वेगाचा असतो. स्पीकर कितीही चांगला असला तरी त्याला हे दुरुस्त करता येत नाही.

एवढे दोष असूनही या तबकड्यांची किंमत काय, हे कळायला एकच नाव पुरे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ. १९४६पर्यंत ते हयात होते, ध्वनिमुद्रणाचं युग त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, पण त्यांचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. खरखरीतसुद्धा ऐकायला काही नाही. त्यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची मात्र साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉएजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. व्हॉएजर-१ आज पृथ्वीपासून २४ अब्ज किलोमीटरहून जास्त दूर आहे. विश्वात पाठवायला माणसांनी जे गाणं निवडलं ते असं मोनो, छोटं, जुन्या तबकडीच्या काळातलं आहे.

मराठवाड्यातल्या घरात मात्र कॅसेट जास्त

लाखेच्या तबकड्या फार थोड्या घरांत होत्या. जालना, अंबड, भोकरदन, घनसावंगीकडच्या घरांत जुना आवाज सापडतो तो बहुतेक वेळा कॅसेटमध्ये. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली आणि १९८०च्या दशकात भारतात तिचा पूर आला. मोठ्या कंपनीच्या स्टुडिओचं तोंड न पाहिलेल्या माणसाचा आवाज पहिल्यांदा बाजारात आणि घरात पोहोचला तो कॅसेटमुळे. गावातले कीर्तनकार, भजनी मंडळं, भारूड, भीमगीतं. वामनदादा कर्डकांसारखा शाहीर गावोगाव हिंडत, समोर बसलेल्या माणसांसाठी गात राहिला. अशा कार्यक्रमांत टेप चालू करायचा तो गर्दीतल्याच कुणीतरी.

म्हणून 'वाईट रेकॉर्डिंग' हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. कुणाचं गाणं स्वच्छ मुद्रित झालं आणि कुणाचं खरखरत राहिलं, हे बरेचदा पैशाने आणि ओळखीने ठरलं, गळ्याने नाही. फक्त स्वच्छ तेवढंच ऐकायचं ठरवलं, तर हे सगळे आवाज आपोआप बाजूला पडतात.

आता सप्ताहातलं कीर्तन टेप कसं व्हायचं ते आठवा. मंडपात खांबाला भोंगा बांधलेला. कुणीतरी छोटा टेपरेकॉर्डर भोंग्याच्या जवळ ठेवायचा, कारण तिथे आवाज मोठा. पण भोंग्यातून जाड आवाज येतच नाही, मृदंगाचा धुम्मपणा तिथेच संपतो. म्हणजे बुवांचा आवाज आधी माइकमधून, मग भोंग्यातून, मग हवेतून, मग टेपच्या चिमुकल्या माइकमधून गेला. चार चाळण्या लागल्या.

त्या छोट्या टेपमध्ये आवाज आपोआप सांभाळणारी एक सोय असायची. आवाज मोठा झाला की ती पातळी खाली ओढायची, शांत झालं की वर. यामुळे जुन्या कीर्तनाच्या कॅसेटमध्ये एक गंमत हमखास सापडते. मृदंगावर जोरात थाप पडली की बुवांचा आवाज क्षणभर दबतो. बुवा श्वास घ्यायला थांबले की मंडपातली कुजबुज, लहान मुलाचं रडणं, जनरेटरची घरघर हळूहळू वर येते. साध्या टेपवर हे फार जाणवत नाही. चांगल्या हेडफोनवर मात्र आवाज कुणीतरी वर-खाली करतंय असं वाटत राहतं. टाळांचं तर विचारूच नका. दहा-वीस टाळकरी एकदम वाजले की टेपला ते झेपायचंच नाही, आणि त्या जागी नुसता फाटका चर्रर्र आवाज उरतो.

रेकॉर्ड करताना सेल उतरलेले असतील तर टेप हळू फिरलेली असते. तीच कॅसेट पुढे विजेवरच्या टेपवर नेहमीच्या वेगाने लावली की बुवा घाईत आणि बारीक आवाजात बोलतात.

मग युट्यूबने उरलंसुरलं केलं

समजा कुणीतरी अशी कॅसेट एमपी-३ केली. आकार लहान ठेवायला १२८ केबीपीएसवर केली. ती व्हॉट्सॲपवर फिरली, कुणी युट्यूबवर टाकली, तिथून दुसऱ्याने डाउनलोड केली, सुरुवातीला स्वतःच्या चॅनलचं म्युझिक लावलं आणि पुन्हा टाकली. एमपी-३ सारखे प्रकार आकार लहान करताना आवाजातला काही भाग कायमचा फेकून देतात. प्रत्येक फेरीत थोडं थोडं जातं. टाळ आणि तंबोरा पाण्याखालून वाजल्यासारखे, गुळगुळीत आणि हलते ऐकू आले तर समजावं की ही खरखर जुनी नाही, हे अलीकडचं नुकसान आहे. साधा ब्लूटूथ स्पीकर जोडला की आवाज आणखी एकदा दाबला जातो.

अशी फाइल नंतर 'हाय-रेस' किंवा 'एफएलएसी'मध्ये बदलून काही मिळत नाही. पाणी घातलेलं दूध स्टीलच्या नव्या कॅनमध्ये ओतल्यासारखं ते आहे. शीर्षकात 'एचडी', 'डिजिटल', '८डी' असं काहीही लिहिलेलं असो.

हा प्रश्न फक्त जुन्या गाण्यांचा नाही, हेही सांगायला हवं. जोरात ऐकू यावं म्हणून सगळ्या आवाजाची पातळी एकसारखी वर ढकललेली नवी गाणी भरपूर आहेत. मेटॅलिका बँडच्या २००८च्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमबद्दल जगभरच्या चाहत्यांनी हीच तक्रार केली होती. अशी गाणी चांगल्या स्पीकरवर दहा मिनिटांत डोकं उठवतात.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी पैसे खर्च न करता होणारी गोष्ट: त्याच गाण्याची दुसरी प्रत शोधा. फरक बहुतेक वेळा इथेच पडतो. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या पाच-सहा प्रती ऑनलाइन असतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. एचएमव्हीची जुनी गाणी असतील तर आधी सारेगामाच्या अधिकृत चॅनलवर बघा. लाखेच्या तबकड्यांसाठी 'आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक'सारखे संग्रह आहेत. मुंबईची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' १९९०पासून या क्षेत्रात काम करतेय. निवडताना एक खूण लक्षात ठेवा. सर्वात स्वच्छ वाटणारी प्रत सर्वात चांगली असतेच असं नाही. खरखर पूर्ण गेली असेल आणि गायकाचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा झाला असेल, तर खरखरीसोबत गळ्याची धारही गेली आहे. थोडी खरखर असलेली, पण 'स' आणि 'त' स्पष्ट ऐकू येणारी प्रत घ्या.

दुसरं, फोन मोनो करा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' मिळतो. जुनी तबकडी मुळात एकाच वाहिनीची असते, पण डिजिटल करताना बऱ्याचदा डाव्या आणि उजव्या कानात वेगवेगळी खरखर आलेली असते. गाणं मध्ये आणि खरखर दोन्ही बाजूंना, असं हेडफोनवर होतं. मोनो केलं की दोन्ही बाजू एकत्र येतात, गाणं आहे तेवढंच राहतं आणि खरखर थोडी कमी होते. जुन्या गाण्याला नंतर नकली स्टिरिओ केलं असेल तर या एका बटणाने ते बरंचसं भानावर येतं.

मग साउंडबारचे 'सराउंड', 'बास बूस्ट', 'थ्रीडी' असले मोड बंद करा. जिथे खर्ज मुद्रितच झालेला नाही तिथे बास वाढवून फक्त तबकडीची घरघर आणि मंडपातल्या जनरेटरचा आवाज वाढतो. इक्वलायझर असेल तर लाखेच्या तबकडीसाठी ६ हजार हर्ट्झच्या वरचं आणि १०० हर्ट्झच्या खालचं बरंच कमी करा. कॅसेटसाठी इतकं कापू नका, ८-१० हजारांच्या वर थोडंसं उतरवलं तरी पुरतं. गायक बोचायला लागला तर ३ हजारांच्या आसपासची पट्टी किंचित खाली. पट्ट्या वर चढवण्यापेक्षा खाली उतरवण्याने जास्त काम होतं. अनेकांना हे उलटं वाटतं, पण करून बघा.

आवाज कमी ठेवा आणि हेडफोनऐवजी स्पीकर वापरा, थोडं लांब बसा. कान दोन-तीन मिनिटांत खरखरीला सरावतो, पंख्याच्या आवाजाला सरावतो तसाच. तेवढा वेळ न देता गाणं बदललं तर ते कधीच ऐकलं जात नाही. आणि ज्यांच्या घरी जागा आणि हौस दोन्ही आहे, त्यांनी जुन्या गाण्यांसाठी एक साधा, एकाच शंकूचा स्पीकर वेगळा ठेवायला हरकत नाही. महागड्या यंत्राच्या शेजारी तो गरीब दिसेल, पण बालगंधर्वांना तोच मानवेल.

एआयने साफ करून घेतलं तर?

नोव्हेंबर २०२३मध्ये बीटल्सचं 'नाऊ अँड देन' हे गाणं आलं. जॉन लेनन १९८० साली गेला. त्याने १९७०च्या दशकाच्या अखेरीस घरी, पियानोवर गाऊन एका साध्या कॅसेटवर ते टेप केलं होतं. १९९०च्या दशकात उरलेल्या तिघांनी ते पूर्ण करायचा प्रयत्न केला, पण आवाज आणि पियानो एकमेकांत इतके मिसळले होते की त्यांनी नाद सोडला. पुढे संगणकाला आवाज ओळखायला शिकवून लेननचा गळा पियानोपासून वेगळा काढता आला.

आवाज वेगळे करणारी अशी ॲप आता साध्या लॅपटॉपवरही चालतात. सप्ताहातल्या भाषणाच्या किंवा प्रवचनाच्या कॅसेटसाठी ती खरंच कामाला येतात. गाण्यात मात्र जपून. ही ॲप प्रामुख्याने पाश्चात्त्य गाण्यांवर तयार झालेली असल्याने तंबोऱ्याचा झंकार त्यांना गोंगाट वाटू शकतो, आणि गळ्याला चिकटून चालणारी पेटी गळ्याचाच भाग वाटू शकते. काही ॲप तर हरवलेला वरचा पट्टा अंदाजाने भरून देतात. ते ऐकायला छान लागतं, पण ती झळाळी त्या गायकाची नसते.

ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये खरखर कमी करायची असेल तर ६ ते १२ डेसिबलवर थांबा. आणि साफ केलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा. मूळ फाइलवर हात नको, कारण पाच वर्षांनी यापेक्षा चांगलं तंत्र येईल आणि तेव्हा कच्चा मालच लागेल.

कपाटातल्या कॅसेट

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर किंवा लोखंडी कपाटात ठेवलेल्या कॅसेटला हा ताप सोसत नाही. फीत ताणते, आतली पॅड निसटतात, पावसाळ्यात बुरशी धरते. अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवाला किंवा राजूरच्या गणपतीच्या यात्रेत कुणी कधी टेप चालू केला असेल, घरात आजोबांच्या आवाजातला हरिपाठ असेल, तर त्याची दुसरी प्रत कुठल्याही कंपनीकडे मिळणार नाही.

डिजिटल करण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेची दोन्ही छोटी प्लास्टिकची पानं मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही टेप होणार नाही. बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालूच नका, आधी जाणकाराला दाखवा. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. आवाज दबका वाटला तर लगेच फितीला दोष देऊ नका. हेडचा कोन मूळ टेपशी जुळत नसला की बारीक आवाज नाहीसा होतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवला की 'स', 'श' एकदम उघडतात. जुना रेडिओ-टेप मेकॅनिक हे दोन मिनिटांत करून देतो, आणि असा मेकॅनिक अजून बाजारात बसत असेल तर हे काम लांबवू नका.

फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. साठ मिनिटांची कॅसेट साधारण १ जीबी होते. दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवा आणि कॅसेट फेकू नका. फाइलच्या सुरुवातीला दहा सेकंद स्वतःच्या आवाजात सांगून ठेवा: कोण गातंय, कुठलं गाव, साधारण कुठलं वर्ष, मृदंगावर कोण. गौहर जान गाणं संपता संपता आपलं नाव मोठ्याने सांगायची. तिच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात तयार व्हायच्या, आणि तिथल्या माणसांना ही कोण गातेय हे दुसरं कुणी सांगणार नव्हतं.